वस्सकाराची कुजबुज आणि बाबासाहेबांची वाणी



पौर्णिमेची वंदना संपल्यावर एका तरुण उपासकाने मला एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, ‘‘दादा, आपण रोज पंचशील घेतो. चौथ्या शिलाने आपण खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा करतो. पण निवडणूक आली की खोटे बोलल्याशिवाय एक पाऊलही पुढे पडत नाही. मग बौद्ध माणसाने राजकारण सोडायचे की शील सोडायचे?’’

प्रश्न साधा नाही. आपण सत्तेबाहेर राहिलो म्हणून आपल्या बापजाद्यांची काय गत झाली हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा राजकारण सोडा असे मी म्हणू शकत नाही. आणि शील सोडा असे म्हटले, तर मग आपण धम्मदीक्षा घेतली कशासाठी? म्हणून आजच्या प्रवचनासाठी मी हाच विषय घेतला आहे : राजकारणात वाणीचे स्थान कोणते, आणि बौद्धाची वाणी कशी असावी?

प्रथम तथागतांच्या काळातील एक घटना पाहू.

मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींचे गणराज्य जिंकायचे होते. वज्जींमध्ये लिच्छवी प्रमुख होते आणि वैशाली ही त्यांची नगरी होती. तेथे एका राजाची सत्ता नव्हती. लोक सभागृहात जमत, विचारविनिमय करीत आणि ठरवीत. अजातशत्रूने आपला ब्राह्मण महामंत्री वस्सकार याला राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे पाठवले. तथागतांनी वस्सकाराला सरळ उत्तर दिले नाही. त्याच्यासमक्ष त्यांनी आनंदाला एकेक प्रश्न विचारला. वज्जी वारंवार सभा भरवतात ना? एकत्र जमतात, एकत्र उठतात आणि एकत्र काम करतात ना? ठरलेले नियम पाळतात ना? वडीलधाऱ्यांचे ऐकतात ना? स्त्रियांवर जबरदस्ती करीत नाहीत ना? आपल्या चैत्यांचा मान राखतात ना? अर्हंतांचे रक्षण करतात ना? आनंद प्रत्येक वेळी ‘होय’ म्हणाला. तथागत म्हणाले की हे सात नियम जोवर वज्जी पाळतील, तोवर त्यांची उन्नतीच होईल, हानी होणार नाही.

वस्सकार हुशार होता. तो समजून चुकला की वज्जींना युद्धात जिंकता येणार नाही; जिंकायचे तर गोड बोलून वश करावे लागेल किंवा आपसात फूट पाडावी लागेल. हे त्याने तेथेच बोलूनही दाखवले. तथागतांनी वज्जींचे बळ सांगितले होते. त्यानंतर लगेच त्यांनी भिक्खूसंघाला जमवून तसेच सात नियम संघालाही शिकवले. शत्रूने मात्र त्या उत्तरातून आपल्याला हवे तेवढेच उचलले.

पुढची हकीकत अट्ठकथेत आली आहे. राजाने आपला अपमान करून हाकलून दिले असे सोंग वस्सकाराने घेतले आणि तो वैशालीत आश्रयाला गेला. भोळ्या लिच्छवींनी त्याला मानाची जागा दिली. मग त्याने आपले काम सुरू केले. तो एका लिच्छवीला बाजूला नेई आणि कानाशी लागून विचारी, ‘‘लोक शेत नांगरतात का?’’ तो म्हणे, ‘‘हो, दोन बैल जुंपून नांगरतात.’’ बस्स, एवढेच. दुसरा लिच्छवी पहिल्याला विचारी, ‘‘आचार्य तुला काय म्हणाले?’’ तो खरे ते सांगे. पण कानात सांगण्यासारखे त्यात काय होते? दुसऱ्याला वाटे, हा आपल्यापासून काहीतरी लपवतो आहे. अशा रीतीने घराघरात संशय शिरला. कोणी कोणाला भित्रा म्हणाले असे सांगितले गेले, कोणी कोणाला दरिद्री म्हणाले असे सांगितले गेले. तीन वर्षांत अशी पाळी आली की दोन लिच्छवी एका वाटेने चालेनात. तेव्हा अजातशत्रू सैन्य घेऊन आला. वैशालीत नगारा वाजला, पण कोणीही सभेला आले नाही. जे श्रीमंत आहेत, जे शूर आहेत, त्यांनी जावे, असे म्हणून जो तो घरात बसला. वेशी उघड्या राहिल्या आणि गणराज्य बुडाले.

बंधूंनो, वस्सकाराजवळ तलवार नव्हती. त्याच्याजवळ जीभ होती. आणि लक्षात घ्या, बैलांबद्दल तो बोलला त्यात एक अक्षरही खोटे नव्हते! चौथे शील म्हणजे केवळ असत्य न बोलणे, एवढाच अर्थ आपण घेतला तर वस्सकार निर्दोष ठरेल. म्हणूनच अष्टांगिक मार्गातील सम्यक् वाचेत चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत : खोटे बोलणे, चहाडी करून फूट पाडणे, कठोर बोलून मन दुखावणे आणि निरर्थक बडबड करणे. वस्सकाराचा अपराध दुसऱ्या प्रकारचा होता. राज्ये बुडतात ती बहुधा याच प्रकाराने बुडतात.

मग बोलावे तरी कसे? याची कसोटी तथागतांनी अभय राजकुमाराला सांगितली आहे. निगंठ नाथपुत्ताने अभयाला एक कोडे शिकवून पाठवले होते : दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे वचन तथागत बोलतात काय? ‘होय’ म्हटले तर सामान्य माणसात आणि बुद्धात फरक काय? ‘नाही’ म्हटले तर देवदत्ताविषयी ते कठोर कसे बोलले? दोन्हीकडून पेच होता. त्या वेळी अभयाच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. तथागतांनी विचारले की या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला, ‘‘बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला मुलाची दया आहे.’’ तथागतांचे उत्तर त्यातच होते. जे असत्य आहे ते बोलायचे नाही, मग ते कोणाला कितीही गोड लागो. जे सत्य आहे पण कोणाच्याच हिताचे नाही, तेही बोलायचे नाही. जे सत्य आहे आणि हिताचे आहे, ते कडू असो वा गोड असो, योग्य वेळ पाहून बोलायचे.

सत्य, हित आणि काळ. ही तीन मापे घ्या आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या वाणीला लावून पाहा. बाबासाहेब भिक्खू नव्हते. ते राजकारणाच्या ऐन धुमाळीत होते. त्यांना मते मिळवायची होती, प्रबळ विरोधक नमवायचे होते, परक्या सरकारकडून हक्क घ्यायचे होते. तरी त्यांची वाणी या कसोटीला कशी उतरते ते तीन प्रसंगांवरून पाहू.

पहिला प्रसंग महाडचा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर गावात आवई उठवली गेली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार आहेत. ती आवई साफ खोटी होती. पण तेवढ्यावर जमाव लाठ्या घेऊन निघाला आणि गावी परतणारी आपली माणसे रक्तबंबाळ झाली. एका खोट्या वाक्यात किती लाठ्या असतात हे आपल्या वाडवडिलांनी अंगावर झेलून पाहिले आहे. त्या दिवशी आपली तरुण मंडळीही संतापली होती. बाबासाहेबांनी एक शब्द उच्चारला असता तर महाडात वणवा पेटला असता. त्यांनी आपल्या माणसांना आवरले.

त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहासाठी लोक महाडला जमले. पण दरम्यान विरोधकांनी दिवाणी दावा लावून कोर्टाचा मनाई हुकूम आणला होता. लोक तुरुंगात जायला तयार होते. अशा पेटलेल्या सभेपुढे उभे राहून ‘आज थांबा’ असे म्हणणे किती कठीण! टाळ्या तर ‘चला पुढे’ म्हणणाऱ्याला मिळतात. बाबासाहेबांनी टाळ्यांचा मोह धरला नाही. लोकांना परिस्थिती समजावून सांगितली आणि सत्याग्रह पुढे ढकलला. कोर्टात दहा वर्षे लढा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. तोंडात गेलेला खडा काढताना मूल रडते. आपल्याच लोकांना न आवडणारे हिताचे वचन सांगणे, ही नेत्याच्या वाणीची पहिली परीक्षा होय.

दुसरा प्रसंग लंडनचा. नोव्हेंबर १९३० मध्ये पहिली गोलमेज परिषद भरली. तेथे अस्पृश्यांच्या वतीने बाबासाहेब आणि मद्रासचे रेट्टमलई श्रीनिवासन असे दोघे प्रतिनिधी होते. समोर ब्रिटिश साम्राज्याचे प्रधानमंत्री आणि हिंदुस्थानचे राजेमहाराजे बसलेले. आमंत्रण सरकारचे, तेव्हा सरकारची स्तुती करून चार सवलती पदरात पाडून घेण्याचा मार्ग मोकळा होता. बाबासाहेबांनी तो घेतला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. तुमचे राज्य येण्यापूर्वी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. आज येते काय? देवळात जाता येत नव्हते. आज येते काय? पोलिसात घेत नव्हते; आज घेतात काय? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर सभागृहातील प्रत्येकाला ठाऊक होते. त्यात शिवी नव्हती, आक्रोश नव्हता, अतिशयोक्ती नव्हती. नुसते सत्य एकापुढे एक मांडले होते. आणि त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की आमची दुःखे दुसरा कोणी दूर करणार नाही. राजकीय सत्तेत आम्हाला वाटा मिळाला पाहिजे. ज्याच्या बाजूला सत्य आहे त्याला ओरडावे लागत नाही. त्याला ते सत्य क्रमाने मांडता आले की पुरते.

तिसरा प्रसंग १७ डिसेंबर १९४६ चा, दिल्लीच्या संविधान सभेतील. उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. मुस्लिम लीगचे सभासद आलेले नव्हते. ठराव तेव्हाच संमत करावा की थांबावे, असा वाद होता. बाबासाहेब अकल्पितपणे बोलायला पाचारले गेले. काँग्रेसशी त्यांचे हाडवैर सर्वांना माहीत होते. ते आता आसूड ओढतील अशीच सर्वांची अपेक्षा होती. पण त्या दिवशी ते देशाच्या ऐक्याविषयी बोलले. आज आपण परस्परविरोधी छावण्यांत विभागलेले आहोत हे त्यांनी कबूल केले, आणि तरीही काळाच्या ओघात आपण एक होऊ असा विश्वास प्रकट केला. घोषणा बाजूला ठेवा, लोकांना भय वाटेल असे शब्द बाजूला ठेवा, विरोधकांना सोबत घेण्यासाठी थोडे नमते घ्या, असे त्यांनी बहुमतवाल्यांना विनवले. ठराव तेव्हा थांबला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. पुढे फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधील जागा गेली, तेव्हा ज्या काँग्रेसशी त्यांचा उभा दावा होता, तिनेच त्यांना मुंबईतून निवडून आणले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. त्या एका भाषणानेच हे सारे घडले असे मी म्हणणार नाही. पण त्या भाषणाने अनेकांची मने वळली हे निश्चित.

आता कोणी म्हणेल, लंडनला तिखट आणि दिल्लीला मवाळ, हा तर सोयीचा बदल झाला. नाही बंधूंनो. अस्पृश्यतेविषयी, जातीविषयी त्यांनी दिल्लीत एक शब्दही मागे घेतला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्याच सभेला त्यांनी बजावले की राजकीय समता देऊन सामाजिक व आर्थिक विषमता तशीच ठेवाल, तर पीडित लोक ही लोकशाहीची इमारत उडवून देतील. सत्य तेच होते, हितही तेच होते; काळ पाहून स्वर बदलला. वैद्य एकाला कडू काढा देतो, एकाला मधात देतो. विष मात्र तो कोणालाही देत नाही.

त्याच भाषणात बाबासाहेबांनी सांगितले की सभेचे कामकाज, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सारे बौद्ध भिक्खूसंघांना माहीत होते. संघात ठराव मांडला की तीन वेळा विचारीत : ज्याला मान्य असेल त्याने गप्प राहावे, ज्याला मान्य नसेल त्याने बोलावे. पाहा, विरोधकाला बोलण्याची संधी तीनदा! सर्वांदेखत बोलण्याची अशी रीत असेल तेथे कानात कुजबुजणाऱ्याचा धंदा चालत नाही.

आता मी तुम्हाला माझ्या अपराधाची गोष्ट सांगतो. तिच्यामुळेच त्या तरुणाचा प्रश्न मला झोंबला.

मी विशीत होतो. आमच्या गावी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वस्तीत दोन गट पडले. आमच्या उमेदवाराविरुद्ध वस्तीतलेच एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. विहार बांधताना त्यांनी स्वतःच्या डोक्यावर विटा वाहिल्या होत्या. मतदानाच्या आदल्या रात्री मी आणि दोन मित्रांनी घरोघर जाऊन हळूच सांगितले की त्यांनी पाटलाकडून पैसे घेतले आहेत. ते खोटे होते. आम्हाला ते खोटे आहे हे माहीत होते. आम्ही निवडून आलो. गुलाल उधळला. जयभीमच्या घोषणा दिल्या.

ते गृहस्थ त्यानंतर विहारात आले नाहीत. पुढे एकदा वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, ‘‘पोरा, पाटलानं उभ्या जन्मात मला वाड्याची पायरी चढू दिली नाही. तू एका रात्रीत मला त्याच्या पंगतीला बसवलंस.’’ एवढेच बोलून ते गेले. मी काही बोलू शकलो नाही. पुढच्या निवडणुकीत आमच्या वस्तीचा एकही माणूस पंचायतीवर गेला नाही, कारण आमची मते चार ठिकाणी फुटली होती. पाटलाला काहीही करावे लागले नाही. वस्सकाराचे काम आम्हीच करून ठेवले होते. मी भर सभेत उभे राहून त्यांची क्षमा मागायला हवी होती. ते धैर्य मला आले तेव्हा ते हयात नव्हते. मग मी त्यांच्या मुलांसमोर, विहारात, सर्वांदेखत ते कबूल केले. आजही तुमच्यापुढे ते पुन्हा कबूल करतो.

म्हणून त्या तरुणाला माझे उत्तर असे आहे. राजकारण सोडू नकोस आणि शीलही सोडू नकोस. खोटे बोलून जिंकलेली निवडणूक पाच वर्षे टिकते. त्यापायी तुटलेली वस्ती पिढ्यान्‌पिढ्या सांधत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे गट पडले. मतभेद कोठे नसतात? पण मतभेद सभेत मांडणे वेगळे आणि एकमेकांवर विकले गेल्याचा आरोप कुजबुजणे वेगळे. पहिल्याने पक्ष वाढतो, दुसऱ्याने वैशाली बुडते.

नवदीक्षित कुटुंबांना मी चार गोष्टी आचरणात आणायला सांगतो.

पहिली : कोणी आपल्या माणसाविषयी कानात काही सांगू लागला, तर त्याला म्हणा, ‘‘चला, त्यांच्यासमोरच हे बोलू.’’ जो खरे बोलतो तो येईल. जो येणार नाही, त्याचे तोंड तेथेच बंद होईल. आज वस्सकाराला वैशालीपर्यंत चालत जावे लागत नाही. तो आपल्या खिशातल्या फोनमध्ये बसलेला असतो. आलेला मजकूर पुढे ढकलणे म्हणजेही बोलणेच आहे. त्यालाही चौथे शील लागू आहे.

दुसरी : जो पुढारी वस्तीत येऊन मोठ्याने जयभीम म्हणतो आणि हार घालून घेतो, त्याला बाबासाहेबांनी लंडनला विचारले तसे प्रश्न विचारा. गेल्या वेळी पाण्याचे काय म्हणाला होतास? नळ आला काय? जमिनीचा सातबारा मिळाला काय? वसतिगृह उघडले काय? शांतपणे, एकेक विचारा. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते हा इशारा बाबासाहेबांनीच दिला आहे.

तिसरी : विहारात वंदनेनंतर मुलामुलींना उभे करून थोडा वेळ बोलायला लावा. ज्यांचे वाडवडील मुके होते, त्यांचा नायक म्हणून बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. त्याच मुक्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा स्वतःच्या तोंडाने उच्चारल्या. ही वाचा आपल्याला फुकट मिळालेली नाही. मुलींना आधी बोलू द्या. घरात त्यांनाच गप्प बसवले जाते.

चौथी : बोलण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारा. हे खरे आहे काय? हे हिताचे आहे काय? ही वेळ योग्य आहे काय? तिन्हींना ‘होय’ आले तर कोणालाही न भिता बोला. एकालाही ‘नाही’ आले तर मौन पाळा. भ्यालेल्या माणसाचे मौन वेगळे असते, हे मौन शिलाचे आहे.

त्या बावीस प्रतिज्ञांमध्येही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. त्या दिवशी बाबासाहेबांनी ‘सभेत खोटे बोलू नका, निवडणुकीत चालेल’ अशी सवलत ठेवली नव्हती. आपण पुढच्या पौर्णिमेला चौथे शील म्हणू तेव्हा आपल्या बोलण्याने कोण दुखावला गेला, कोण विहारापासून दूर गेला, याची आठवण करू या. तो हयात असेल तर आजच त्याच्या घरी जा. मला जे उशिरा सुचले, ते तुम्हाला वेळेवर सुचो.

नमो बुद्धाय! जयभीम!